जपानी शाईचित्रांतील एकांत

काळ्या शाईच्या छटांमधून डोंगर, पाणी, धुके आणि झाडे साकारणाऱ्या जपानी निसर्गचित्रांना ‘सानसुइगा’ म्हणतात. ‘सानसुइ’ म्हणजे डोंगर आणि पाणी. शाईचित्रणाचे हे तंत्र प्रामुख्याने झेन या ध्यानप्रधान बौद्ध पंथाच्या भिक्षूंमार्फत चीनमधून जपानात आले आणि मुरोमाची काळात (१३३६–१५७३) बहरले. काजळी आणि सरस यांपासून केलेली शाईची कांडी, आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशी, दगडावर पाण्यात उगाळतात. पाणी कमीजास्त करून गडद काळ्यापासून जेमतेम जाणवणाऱ्या करड्यापर्यंतच्या छटा मिळतात. मात्र एकदा ओढलेला फटकारा पुसता येत नाही.

डोंगराच्या कुशीतली झोपडी आणि तीत वाचत बसलेला माणूस हा या चित्रांचा आवडता विषय आहे. त्यावरून ती वनवासी विरक्तांनी काढली असावीत असा समज होतो, पण तो बहुतांशी चुकीचा आहे. पंधराव्या शतकातले अनेक चित्रकार-भिक्षू तेव्हाची राजधानी असलेल्या क्योतोच्या गजबजलेल्या मठांत राहत, आणि या मठांतल्या विद्वानांवर राजदरबारी पत्रव्यवहारासारखी कामेही असत. प्रत्यक्षात न लाभणारे निवांतपण ते कागदावर उभे करीत आणि चित्राच्या वरच्या भागात स्नेही भिक्षू आपापल्या कविता लिहीत. शूबुन या चित्रकार-भिक्षूच्या नावे सांगितले जाणारे, बांबूच्या बनातील वाचनकुटीचे चित्र याच परंपरेतले आहे. या चित्रांतला एकांत म्हणजे एकाकीपणा नव्हे; ती अनेकांनी मिळून जपलेली ओढ आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांचा अर्थ नीट लागत नाही.

शूबुनला गुरुस्थानी मानणारा चित्रकार सेश्शू तोयो (१४२०–१५०६) १४६७ मध्ये चीनला गेला. त्याच वर्षी क्योतोत ओनिन युद्ध ही यादवी पेटली आणि पुढील दहा वर्षांत शहराचा मोठा भाग बेचिराख झाला. १४६९ मध्ये परतल्यावर सेश्शूने पुढचे आयुष्य मुख्यतः राजधानीपासून दूर, पश्चिम जपानात काढले. त्याच्या हिवाळ्याच्या चित्रात कड्याची एक काळीभोर, तुटक रेघ थेट आभाळात चढते, आणि खाली एक इवलासा माणूस पाठमोरा पायऱ्या चढत असतो. निसर्ग इथे कठोर आहे, तरी वाट बंद झालेली नाही. १४९५ मध्ये आपल्या सोएन या शिष्याला दिलेल्या चित्रात तर शाईचे ओघळच डोंगर होतात. पण नीट पाहिले की पायथ्याशी मद्यगृहाचे छप्पर आणि होडीतली दोन माणसे दिसतात.

हासेगावा तोहाकु (१५३९–१६१०) याच्या पाइन वृक्षांच्या चित्रात मात्र माणूस नाही, झोपडी नाही, वाटही नाही. प्रत्येकी सहा पाखांच्या दोन घडीच्या पडद्यांवरचे हे चित्र आज टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याचा बराचसा भाग कोरा आहे. अशा राखलेल्या कोऱ्या जागेला ‘योहाकु’ म्हणतात, आणि इथे तिचेच धुके झाले आहे. जवळून पाहिले तर केवळ खरखरीत, घाईने ओढल्यासारखे फटकारे दिसतात. चार पावले मागे सरले की त्यांतून ओली झाडे एकेक करून पुढे येतात, आणि झोपडीतल्या त्या माणसाची जागा आता पाहणाऱ्याकडे आलेली असते.