लाल टिकली लागली, पण विकलं काय?

जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनात चित्राखाली लाल टिकली चिकटली, की ते विकलं गेलं. चित्रकार खूश, घेणाराही खूश. वर्षाअखेरीस घेणारा तेच चित्र कंपनीच्या डायरीवर छापतो, दोन हजार डायऱ्या वाटतो आणि एक कौतुकाने चित्रकाराला पाठवतो. चित्रकारालाही त्यात वावगं वाटत नाही. चित्र आता त्यांचंच ना!

त्यांचंच आहे, पण फक्त रंगवलेला कॅनव्हास. तो छापायचा हक्क त्यांनी विकत घेतलेला नाही.

पुस्तकाच्या बाबतीत हा घोळ होत नाही. कादंबरी विकत आणली म्हणून कुणी तिची आवृत्ती काढायला बसत नाही. चित्राचा मात्र एकच नग असतो, त्यामुळे तो हातातून गेला की सगळंच गेलं असं दोघांनाही वाटतं. १९५७ चा कॉपीराइट कायदा चित्राकडेही पुस्तकासारखंच पाहतो. वस्तूची मालकी एक, तिच्या प्रती काढण्याचा हक्क दुसरा. घेणाऱ्याने चित्र दिवाणखान्यात लावावं, लेकीला द्यावं, दुसऱ्याला विकावं, नाहीतर माळ्यावर टाकावं. कॅलेंडर, टी-शर्ट, पुस्तकाचं मुखपृष्ठ किंवा चित्रावरून शिल्प करायचं असेल, तर चित्रकाराची परवानगी हवी आणि तिचे पैसे तो मागू शकतो. हा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

राजा रविवर्मा यांना ही दुसरी कमाई फार आधी दिसली होती. तैलचित्रं संस्थानिकांच्या राजवाड्यांत गेली, पण १८९४ साली मुंबईत काढलेल्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर पोचल्या. पुढे छापखाना जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकला, तेव्हा चित्रं छापण्याचे हक्कही सौद्यात होते. छापखाना तोट्यात गेला होता, ही गोष्ट वेगळी.

इथवर सरळ आहे. खरी गोम ऑर्डरच्या कामात आहे. कुणी पैसे देऊन सांगितलं म्हणून काढलेलं चित्र, व्यक्तिचित्र किंवा फोटो असेल, तर कलम १७ प्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसल्यास, त्याचा कॉपीराइट पहिल्यापासून काम सांगणाऱ्याचा. म्हणजे स्वतःच्या मनाने काढलेलं चित्र पन्नास हजारांना विकलं, तर हक्क चित्रकाराकडे राहतात. त्याच गिऱ्हाइकाने तेवढंच चित्र तेवढ्याच पैशांत सांगून काढून घेतलं, तर हक्क गिऱ्हाइकाकडे जातात. हात तोच, रंग तेच, रक्कमही तीच. मला हे कलम चित्रकारावर अन्याय करणारं वाटतं, कारण ऑर्डरच्या कामावरच बहुतेकांची चूल पेटते. लग्नाचे फोटो काढणारेही याच चिमट्यात सापडतात. गंमत म्हणजे त्या यादीत शिल्प नाही, त्यामुळे पुतळा घडवणारा यातून सुटतो. सरकारी कामाचा हिशोब मात्र पुन्हा वेगळा.

या फरकाचा आणखी एक फटका उशिरा कळतो. चित्रकार वासुदेव गायतोंडे २००१ साली गेले. २०२१ मध्ये त्यांचं १९६१ सालचं एक चित्र लिलावात जवळपास ४० कोटी रुपयांना गेलं. अशी रक्कम त्या वेळी चित्र ज्याच्याकडे असेल, त्याच्या खिशात पडते. म्हणूनच १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ५३ अ आणलं. मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला झाली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मागता येतो, जास्तीत जास्त १० टक्के. कॉपीराइट लिहून दिला असला तरीही. पण अट अशी, की चित्रकार कॉपीराइटचा पहिला मालक असला पाहिजे. ऑर्डरच्या चित्राचा पहिला मालक गिऱ्हाईक, म्हणजे हा वाटाही गेला. तसा ऑर्डरबाहेरच्या चित्रांवरही हा वाटा कुणाच्या हातात पडल्याची उदाहरणं शोधावीच लागतात.

चित्र आणि हक्क दोन्ही गेल्यावरही एक गोष्ट उरते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प सरकारने दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी करून घेतलं होतं. १९७९ मध्ये ते काढून गोदामात टाकलं गेलं, त्याची मोडतोड झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते सहगल यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. आधार होता कलम ५७ चा: कलाकृतीवरचं कलाकाराचं नाव आणि तिची अभंगता विकली जात नाही. नुसतं माळ्यावर टाकणं मात्र या कलमाखाली गुन्हा नाही, कारण चित्र लावलंच पाहिजे अशी सक्ती कायदा करत नाही.

ऑर्डरचं काम घेताना इसार हातात पडण्याआधी कोटेशनवर एक ओळ टाकावी आणि त्याखाली गिऱ्हाइकाची सही घ्यावी: ‘या चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील.’ डायरीवर छापायचं असेल, तर किती प्रती, किती वर्षं आणि त्याचे किती, हे तिथेच वेगळं लिहावं. गिऱ्हाइकाला हक्कच लिहून हवे असतील, तर तेही सहीनिशी लेखीच लागतात. त्यात मुदत लिहिली नाही, तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही, तर फक्त भारत. मग दुबईच्या शाखेच्या डायऱ्यांसाठी त्यांना पुन्हा फोन करावा लागेल.