उमेदवार, अनामत, तिकीट : निवडणुकीच्या शब्दांची आधीची नोकरी

'मुलगा सध्या कचेरीत उमेदवारी करतोय' असं पूर्वी कुणी सांगितलं, तर तो निवडणुकीला उभा आहे असं ऐकणाऱ्याच्या मनातही येत नसे. बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर काम शिकायचं, वरच्याची मर्जी राखायची आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहायची, ही उमेदवारी. फारसीत 'उमेद' म्हणजे आशा. ती धरून बसलेला तो उमेदवार. एखादे ज्येष्ठ वकील 'माझ्या उमेदवारीच्या काळात' म्हणतात, तेव्हा हाच अर्थ डोकावतो.

नव्या मतदाराला हे शब्द शिकवताना आपण त्याच्या हाती व्याख्या देतो आणि मोकळे होतो. पण यातले बहुतेक शब्द निवडणुकीसाठी घडलेलेच नाहीत. ते दुसरीकडे कामाला होते, तिथून उचलून आणले, आणि येताना जुन्या सवयीही घेऊन आले. खुद्द 'निवडणूक' घ्या. 'निवडणे' हे क्रियापद घरात सुपापाशी वापरलं जातं आणि तिथे लक्ष असतं ते खड्यावर, बाजूला काय काढायचं यावर. कित्येक मतदार आजही त्याच नजरेने मतदान करतात.

'मत' हा शब्द संस्कृत 'मन्' धातूवरून आला. जे मनाने मानलं ते मत. इंग्रजीत अभिप्रायाला एक शब्द आणि कौलाला दुसरा. तो दुसरा, 'व्होट', लॅटिनमधल्या नवसाच्या शब्दावरून आलेला. मराठीत दोन्ही कामं एकच शब्द करतो. म्हणून आपल्याकडे मतभेद होतात, मतमोजणीही होते. 'मतदार'मध्ये या संस्कृत शब्दाला फारसी शेपूट लागलं : दुकानदार, जमीनदार तसा मतदार, म्हणजे मत बाळगणारा. 'मतदान'मध्ये मात्र तोच माणूस दाता होतो. मला 'दार'वालं रूप जास्त प्रामाणिक वाटतं. दान म्हटलं की पुण्य आलं, आणि दिलेलं परत मागायचं नाही हेही आलं.

'मतदारसंघ'मधला 'संघ' सगळ्यात जुना. बुद्धाच्या काळी गणराज्यांना संघ म्हणत आणि भिक्खूंच्या समुदायालाही. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांच्या बौद्ध ग्रंथात, या समुदायाच्या मतदानाचे नियम आहेत. एकमत झालं नाही, तर वेगवेगळ्या रंगांच्या शलाका, म्हणजे लाकडी कांड्या, वाटायच्या. ते काम नेमलेल्या भिक्खूचं. मत घेण्याचे प्रकार तीन : गुप्त, कानात कुजबुजून आणि उघड. कौल धर्माच्या विरुद्ध जातोय असं दिसलं, तर 'शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत' असं म्हणून प्रक्रिया पुन्हा करण्याची मुभाही त्यात आहे! मतमोजणी करणाऱ्याच्या हातात किती सत्ता असावी, हा प्रश्न इतका जुना आहे.

तिकडे अथेन्समध्ये खडे वापरत. ग्रीक भाषेत खड्याला 'प्सेफोस' म्हणतात, आणि निवडणूक निकालांच्या अभ्यासाला इंग्रजीत मिळालेलं 'सेफॉलॉजी' हे नाव त्यावरूनच. रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस खडूने पांढरा केलेला टोगा घालून फिरे. 'कँडिडस' म्हणजे शुभ्र, त्यावरून कँडिडेट. व्हेनिसमध्ये छोटे गोळे टाकून निवड होई. त्या 'बॅलोटा'चा पुढे बॅलट झाला. कुठे खडा, कुठे कांडी, कुठे गोळा : मत ही हातात धरायची वस्तू होती.

तिकीट हीसुद्धा अशीच वस्तू. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्ष छापत. आपल्या सगळ्या उमेदवारांच्या नावांचा एक कागद, अनेकदा ठरावीक रंगाचा. मतदाराने तो घ्यायचा आणि पेटीत टाकायचा. त्या कागदाला म्हणत तिकीट. कुणी कुठल्या रंगाचा कागद टाकला हे लांबूनही कळे, आणि पैसे देऊन मत विकत घेणाऱ्यालाही तेच हवं असे. यावर तोड निघाली ऑस्ट्रेलियात. तिथल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी 1856 मध्ये सरकारी मतपत्रिका आणि गुप्त मतदान सुरू केलं. ब्रिटनने 1872 मध्ये गुप्त मतदानाचा कायदा केला. अमेरिकेत 1888 मध्ये मॅसॅच्युसेट्सने वाट दाखवली आणि थोड्याच वर्षांत इतर राज्यं मागोमाग आली. पक्षाने छापलेला कागद गेला, नाव मात्र टिकलं. आपल्याकडे ते पोचलं तोवर तिकीट पक्षश्रेष्ठींच्या खिशात जाऊन बसलं होतं. ते मिळतं, नाकारलं जातं, कापलं जातं. मतदाराशी त्याचा संबंध उरलेला नाही.

जाहीरनाम्याचा प्रवास याच्या उलट दिशेचा. तो पूर्वी वरून खाली येई : 1858 चा राणीचा जाहीरनामा हे फर्मान होतं, विनंती नव्हे. आता त्याच नावाखाली पक्ष मतं मागतात. काही पक्षांना हे खटकलं असावं, म्हणून ते 'वचननामा' म्हणतात.

अनामत म्हणजे मूळची अरबी 'अमानत', अक्षरांची अदलाबदल होऊन मराठीत रुळलेली. विश्वासाने सोपवलेली, मागितली की परत मिळणारी ठेव. म्हणजे 'अनामत जप्त' हा शब्दप्रयोग मुळातच विसंगत. निवडणुकीत ही प्रथा ब्रिटनने 1918 मध्ये आणली, तेव्हा रक्कम होती 150 पौंड. भारतात लोकसभेसाठी 1951 च्या कायद्याने 500 रुपये ठरवले. आता 25,000 आहेत, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मे. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं मिळाली नाहीत, की ठेव गेली.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत, 1951-52 मध्ये, मतपत्रिकेवर उमेदवारांची नावंच नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह. कोरी मतपत्रिका ज्या पेटीत पडेल त्याला मत. वाचता न येणाऱ्या कोट्यवधींसाठी केलेली ही युक्ती अथेन्सच्या खड्याची सख्खी बहीण वाटते. नाव लागत होतं ते मतदाराचं, यादीत, आणि घोडं तिथेच अडलं. अनेक बायकांनी परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं आणि सुमारे 28 लाख स्त्रिया यादीतून गळल्या. 'मत बाळगणारा' व्हायचं तर आधी स्वतःचं नाव बाळगावं लागतं, हे त्या वर्षी असं कळलं.

1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीत सगळ्यांसाठी एकच पेटी आणि मतपत्रिकेवर शिक्का ही पद्धत आली. 1982 मध्ये केरळातल्या परूर मतदारसंघात काही केंद्रांवर पहिल्यांदा यंत्र वापरलं गेलं, आणि आता देशभर बटणच दाबतात. पण केंद्राबाहेर येणारा माणूस अजून 'मत टाकून आलो' असंच म्हणतो. हल्ली यंत्राशेजारच्या काचेआड एक चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि आपोआप खालच्या पेटीत पडते. टाकण्याचं तेवढं काम आता यंत्राकडे गेलंय.