कांस्यपात्रे, उत्तरकालीन चिनी
शांग (इ.स.पू. सु. १६००–१०४६) व जौ (इ.स.पू. १०४६–२५६) या राजवंशांच्या काळातील यज्ञपात्रांचे आकार व नक्षी घेऊन सुंग काळापासून (९६०–१२७९) चिंग काळापर्यंत (१६४४–१९१२) घडविलेली धातूची पात्रे. मूळ पात्रे पितरांना अन्न व मद्य अर्पण करण्यासाठी होती. उत्तरकालात तीन पायांचे ‘दिंग’ धूपपात्र झाले आणि मद्याचा उंच चषक ‘गू’ फुलदाणी म्हणून वापरला जाऊ लागला. सर्वांना ‘कांस्य’ म्हणण्याचा प्रघात असला, तरी मिंग (१३६८–१६४४) व चिंग काळातील पुष्कळ वस्तू जस्तमिश्रित, म्हणजे वस्तुतः पितळी आहेत.

या परंपरेचा आरंभ सामान्यतः उत्तर (नॉर्दर्न) सुंग काळात (९६०–११२७) मानतात. ल्यू दालिन या विद्वानाची प्राचीन वस्तूंची सचित्र सूची १०९२ च्या सुमारास तयार झाली. सम्राट ह्वेझुंग (कार. ११००–११२६) याच्या संग्रहाच्या ‘बोगू थू’ या सूचीत ८३९ वस्तू आहेत, ती ११२३ च्या सुमाराची असावी. ११०४ मध्ये सापडलेल्या प्राचीन घंटांच्या नमुन्यावर त्याने दरबारी संगीतासाठी नव्या घंटा ओतविल्या. पुढील कारागिरांपुढे बहुधा मूळ पात्रे नव्हती, या सूच्यांची छापील चित्रे होती. ‘थाउथ्ये’ या राक्षसमुखाची नक्षी पुढे सपाट व ठरावीक साच्याची झाली, तिचे एक कारण हेच दिसते.

सर्वाधिक वाद श्वेनद (कार. १४२६–३५) या मिंग सम्राटाच्या नाममुद्रेच्या धूपपात्रांविषयी आहे. पारंपरिक कथेनुसार सयामहून (आताचे थायलंड) नजराणा म्हणून आलेले तांबे बारा वेळा शुद्ध करून १४२८ मध्ये ही पात्रे ओतली गेली. आकार ‘बोगू थू’मधून व सुंग काळातील चिनी मातीच्या भांड्यांवरून निवडले होते. या कथेचा आधार असलेल्या ग्रंथाचे कर्तृत्व धार्मिक व दरबारी विधींच्या खात्याचा मंत्री ल्यू झन याच्याकडे दिले जाते. पण तो १४२६ मध्येच वारला होता. फ्रेंच चीनविद्यातज्ज्ञ पॉल पेलिओ याने १९३६ मध्ये या ग्रंथाच्या विश्वसनीयतेवर आक्षेप घेतला. ग्रंथ मिंग काळाच्या अखेरीस रचला गेला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. श्वेनदच्या कारकीर्दीतील म्हणून निर्विवादपणे दाखविता येईल असे एकही धूपपात्र नाही. उपलब्ध नमुन्यांपैकी बहुसंख्य सतराव्या-अठराव्या शतकांतील किंवा त्यानंतरचे आहेत. मुद्रा खोटी असली तरी घडण अनेकदा उत्तम असते, हेही नमूद केले पाहिजे. या पात्रांवर कोरीव नक्षी क्वचितच असते. सारे महत्त्व घाटाला, वजनाला आणि पृष्ठभागाच्या रंगछटेला असते. काहींवर सोन्याचे शिंतोडे उडविल्यासारखा मुलामा आढळतो.

मिंग काळाच्या उत्तरार्धात कारागिरांची नावे दिसू लागतात. शांघायजवळच्या सुंगज्यांग भागातील हू वनमिंग याची सोनेरी मुलाम्याची पात्रे सोळाव्या शतकाच्या अखेरची व सतराव्या शतकाच्या आरंभीची आहेत. चांदीच्या तारेच्या जडावकामासाठी ‘शरसौ’ ही मुद्रा प्रसिद्ध आहे; या नावाचा कारागीर भिक्षू होता असे सांगतात. ती मुद्रा पुढे दीर्घकाळ वापरली गेल्यामुळे केवळ तिच्यावरून कालनिर्णय करू नये.

चिंग सम्राट च्येनलुंग (कार. १७३५–९६) याने १७४९ मध्ये राजसंग्रहाच्या नव्या सूचीचे काम सुरू करविले, तीत १,५०० हून अधिक वस्तू आहेत. मंदिरांसाठी एक धूपपात्र, दोन दीपदाने व दोन फुलदाण्या असा पाच नगांचा संच रूढ होता. शांग काळातील पात्रे मातीच्या तुकड्यातुकड्यांच्या साच्यांत ओतलेली असत. उत्तरकालात त्याबरोबर मेणाचा नमुना वितळवून काढून त्या जागी धातू ओतण्याची पद्धतही वापरात होती. प्राचीनतेचा आभास आणण्यासाठी रसायनांनी हिरवी छटा दिली जाई.