माशी नेमकी कुठे शिंकली?

७ मार्च २०२३ ची रात्र. अंधेरीच्या क्रीडासंकुलातून आझाद नगर मेट्रोकडे निघालेली निळी गर्दी त्या दिवशी गप्प होती. इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना मुंबई सिटीने घरच्या मैदानावर बंगळूरविरुद्ध ०-१ असा गमावला होता. गोल सुनील छेत्रीचा. रस्त्यात एका टपरीवर कटिंग घ्यायला थांबलो, तर तिथे रोगनिदान आधीच सुरू झालं होतं. एक काका म्हणाले, "शील्ड मिळाली आणि डोक्यात हवा गेली." जर्सी घातलेला एक पोरगा म्हणाला, "हवा कसली, दमलेत सगळे." चहावाल्याने दूध ओतता ओतता तिसरं निदान केलं, "नजर लागली, दुसरं काय?"

तिघांचंही चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. चहावाला तर शास्त्राच्या सगळ्यात जवळ होता, पण त्याचं पुढे येईल.

आधी झालं काय ते बघू. २०२२-२३ च्या हंगामात लीगमध्ये ११ संघ होते आणि प्रत्येकाला २० सामने. मुंबई पहिल्या १८ सामन्यांत एकदाही हरली नाही: १४ विजय, ४ बरोबरी. त्यातले ११ विजय तर लागोपाठ. ११ फेब्रुवारीला गोव्यात फातोर्ड्याला एफसी गोवाला ५-३ ने हरवून दोन सामने शिल्लक असतानाच शील्ड, म्हणजे साखळीत अव्वल येणाऱ्याची ढाल, खिशात टाकली. (करंडकासाठीची बादफेरी त्यानंतर असते.) आणि मग गाडी घसरली. १५ फेब्रुवारीला बंगळुरात १-२. १९ फेब्रुवारीला घरी ईस्ट बंगालकडून ०-१. मग ७ मार्चचा हा सामना. चार महिने जो संघ हरायचं विसरला होता, तो लागोपाठ तीन सामने हरला आणि त्या तीन सामन्यांत मिळून त्याचा गोल झाला एक.

साधारणपणे आपण विचारतो की पडझड का झाली. मला वाटतं, त्याआधी विचारायला हवं की ते १८ सामने कसे झाले. कारण निम्मं उत्तर तिथे दडलंय.

करून बघण्यासारखा एक खेळ सांगतो. सोसायटीतली ११ मुलं गोळा करा. प्रत्येकाने नाणं २० वेळा उडवायचं आणि छापे मोजायचे. नाणं सगळ्यांचं सारखंच, त्यामुळे सरासरी दहाच्या आसपास येईल. पण अकरांमध्ये जो पहिला येईल, त्याचे बहुतेक १३ किंवा १४ छापे असतील. त्याला खुर्चीवर उभं करा, टाळ्या वाजवा, चॅम्पियन म्हणा. मग त्यालाच आणखी २० वेळा नाणं उडवायला सांगा. या खेपेला त्याच्याकडून अपेक्षा दहाचीच. तो घसरला म्हणून कुणी म्हणेल, कौतुकाने बिघडला. बिचाऱ्याने काहीही केलेलं नाही. आधीही नव्हतं केलं.

फुटबॉल म्हणजे नाणेफेक नव्हे, हे उघड आहे. मुंबईसारखे २० सामन्यांत ४६ गुण आणि ५४ गोल नशिबावर होत नाहीत. पण निकालात कौशल्याबरोबर नशिबाचाही वाटा असतो, आणि जो सगळ्यात वर दिसतो त्याच्या वाट्याला बहुधा दोन्ही आलेलं असतं. पुढच्या सामन्यात कौशल्य त्याच्यासोबत येतं. नशिबाने यायलाच हवं असं नाही. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली ते उंचीच्या मोजमापांतून दाखवलं. २०५ आईबाप-जोड्या आणि त्यांची ९२८ प्रौढ मुलं असा त्याचा पसारा होता. फार उंच आईबापांची मुलं उंचच निघत, पण आईबापांइतकी नाही. सरासरीपासूनचं त्यांचं अंतर आईबापांच्या साधारण दोन तृतीयांश भरे. बुटक्यांचंही तसंच, उलट्या दिशेने. (हाच गाल्टन वंशसुधाराच्या घातक कल्पनेचाही जनक. आकडे उत्तम वाचणारा माणूस माणसंही नीट वाचतो, असं काही नाही.)

आता चहावाल्याच्या नजरेकडे येऊ. बाळ फार गोंडस दिसलं की दृष्ट लागते, धंदा तेजीत असला की दृष्ट लागते. वाईट दिवस चाललेल्याला कुणी दृष्ट काढत नाही. म्हणजे आपल्या आज्यांनी निरीक्षण अचूक केलं होतं: शिखरानंतर उतार येतो. कारण तेवढं चुकलं. उतार लागल्यावर मीठमोहऱ्या ओवाळल्या की गाडी सावरल्यासारखी वाटते, तीही याच गणितामुळे. प्रशिक्षक बदलल्यावर संघ सावरतो असं वाटतं, त्यातही हीच गंमत आहे. प्रशिक्षकाला काढतात तेच मुळी संघ तळाला गेल्यावर, आणि तिथून बहुतेक वेळा वरच यायचं असतं.

फुटबॉलमध्ये नशिबाला एवढी जागा मिळते, कारण गोल फार थोडे होतात. क्रिकेटच्या एका डावात शेकडो धावा निघतात, दहा-वीस धावांचा दैवाचा खेळ त्यात विरून जातो. फुटबॉलमध्ये एक चेंडू खांबाला लागून आत जातो की बाहेर, यावर अख्खी संध्याकाळ ठरते.

अशा क्वचित घडणाऱ्या घटनांचं गणित फ्रेंच गणिती प्वासाँने १८३७ साली मांडलं. त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मात्र घोड्यांचं आहे. लादिस्लाउस बोर्टकिएविच या अभ्यासकाने १८९८ मध्ये प्रशियाच्या घोडदळाच्या नोंदी तपासल्या. दहा तुकड्या, वीस वर्षं, म्हणजे २०० नोंदी. घोड्याची लाथ बसून मेलेले सैनिक एकूण १२२. १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, तिनांमध्ये तीन आणि एकीत चक्क चार. त्या चार मृत्यूंच्या वर्षी त्या तुकडीत काय काय कुजबुज झाली असेल! पण प्वासाँच्या सूत्रात सरासरी घातली की जवळपास हेच आकडे बाहेर पडतात. द्वाड घोडा नाही, बेफिकीर अधिकारी नाही. नुसती सरासरीच अधूनमधून असे गुच्छ तयार करते.

तेच सूत्र मुंबईला लावून बघू. २० सामन्यांत ५४ गोल म्हणजे सामन्याला २.७. एवढी सरासरी असलेला संघसुद्धा शंभरातल्या सुमारे सात सामन्यांत कोरडा राहतो. पहिल्या १८ सामन्यांत मुंबई एकदाही कोरडी राहिली नव्हती, हेच खरं तर थोडं नवल होतं. पण तीन सामन्यांत मिळून जास्तीत जास्त एक गोल? ती शक्यता निघते सुमारे ३६० मध्ये एक. म्हणजे सगळं नशिबावर ढकलून मोकळं होता येत नाही.

इथे सावध राहायला हवं. २.७ ही सगळ्यांविरुद्धची सरासरी आहे, आणि त्या सगळ्यांत नॉर्थईस्ट युनायटेडही होता. त्या हंगामात २० पैकी एकच सामना जिंकलेला! उलट बंगळूर तेव्हा सुसाट होता. मुंबईच्या तीन पराभवांतले दोन त्याच्याच हातचे. खडतर प्रतिस्पर्ध्यांसमोर मुंबईची अपेक्षा सामन्याला दीड गोल धरली, तर तीच शक्यता सोळात एकवर येते. दीड हा माझा अंदाज, तुम्ही दुसरा धरा. मुद्दा एवढाच, की सोळात एक म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे.

बंगळूरची गोष्ट याच नाण्याची दुसरी बाजू आहे. नोव्हेंबरमध्ये मुंबईने त्यांना ४-० ने धुतलं होतं. पहिल्या १२ सामन्यांत त्यांचे गुण होते १०. मग त्यांनी शेवटचे आठही सामने जिंकले. वरचा खाली येत होता, खालचा वर जात होता, आणि दोघांची गाठ नेमकी मधल्या जिन्यात पडली.

मग काकांची हवा आणि पोराचा दमछाकीचा मुद्दा? थकवा खरा असतो. सामन्यात खेळाडू १० ते १२ किलोमीटर पळतो आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा भरून यायला दोन ते तीन दिवस लागतात. फातोर्डा, बंगळूर, मुंबई असे तीन शहरांत नऊ दिवसांत तीन सामने झाले, तेव्हा पाय जड झाले असतील. पण १९ फेब्रुवारीनंतर मुंबईला १६ दिवस विश्रांती होती. आणि समोरचा बंगळूर? तो चारच दिवस आधी केरळविरुद्ध जादा वेळेपर्यंत गेलेला बादफेरीचा सामना खेळून आला होता. थकव्याचा हिशेब करायचा तर ७ मार्चला मुंबई जिंकायला हवी होती.

काकांच्या म्हणण्यात थोडं तथ्य सापडतं, पण ‘हवा’ हा शब्द मला पटत नाही. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये कबुतरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ठरावीक टोची मारल्या की दाणा, असा नियम असला की दाणा मिळाल्यावर कबूतर थोडा वेळ थांबतं आणि मग पुन्हा कामाला लागतं. (कबुतरांचं नाव काढलं की मुंबईत हल्ली भांडणं होतात, म्हणून लगेच पुढे जातो.) हा माज नव्हे. बक्षीस नुकतंच मिळालेलं असतं आणि पुढचं लांब असतं, म्हणून आलेली ती सुस्ती आहे. शील्ड पक्की झाल्यावर आठ दिवसांत जे दोन सामने गेले, त्यांत असं काही असू शकतं. माणूस कबूतर नसतो, तेव्हा यावर फार भार टाकू नये. उपांत्य फेरीत तर पुढचा दाणा डोळ्यांसमोर होता.

१२ मार्चला बंगळुरात परतीचा सामना झाला. मुंबई २-१ ने जिंकली आणि दोन सामन्यांची बेरीज २-२ झाली. जादा वेळेतही काही ठरलं नाही. मग पेनल्टी. बंगळूर ९, मुंबई ८. एकूण १७ पेनल्टी जाळ्यात! साधारण चारातली एक पेनल्टी हुकते असं धरलं, तर सलग १६ आत जाण्याची शक्यता शंभरात एक असते. मग मुंबईच्या मेहताब सिंगचा फटका बंगळूरचा गोलरक्षक गुरप्रीतने अडवला आणि बंगळूरच्या संदेश झिंगनने शेवटचा मारला. याच मेहताबच्या गोलने त्या संध्याकाळी मुंबईला बरोबरीवर आणलं होतं. एकाच माणसाने एकाच सामन्यात संघाला तारलं आणि त्याच्याच फटक्यावर संघ बुडाला. यातून त्याच्या स्वभावाबद्दल काही अनुमान काढणाऱ्याला माझा दंडवत.

मुंबईकरांना बंगळुरातला असा धक्का नवा नाही. १९५८-५९ पासून सलग १५ वर्षं रणजी करंडक मुंबईकडे होता. १९७४ मध्ये बंगळुरातच कर्नाटकाने उपांत्य सामन्यात पहिल्या डावातल्या आघाडीवर मुंबईला बाहेर काढलं. अजित वाडेकर जमलेले असताना पाय घसरून धावचीत झाले. शेकडो धावांच्या खेळातही कधीतरी एका पायाखालची माती निकाल लावते. पण त्यासाठी तिथे १५ वर्षं जावी लागली. फुटबॉलमध्ये १८ सामने पुरले.

तर या ढासळलेल्या संघाचं पुढे काय झालं? ४ एप्रिलला केरळात मंजेरीला त्यांनी जमशेदपूरला ३-१ ने हरवलं आणि आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये जागा पटकावली. प्रशिक्षक तेच, डेस बकिंगहॅम. आणि पुढच्या हंगामात बंगळूर १२ संघांत दहावा आला.

त्या हंगामात मुंबईला शील्ड राखायला शेवटच्या सामन्यात फक्त बरोबरी हवी होती. १५ एप्रिल २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानने त्यांना २-१ ने हरवलं. टपरीवर पुन्हा हवा, थकवा आणि नजर. १९ दिवसांनी, ४ मे रोजी, त्याच मैदानावर त्याच मोहन बागानविरुद्ध अंतिम सामना झाला. मुंबई ३-१ ने जिंकली. दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो, तर चहावाला म्हणाला, "मी म्हटलंच होतं."