मशीनमुळे कान ‘आळशी’ होत नाही

कोल्हापुरात पेठांमधून अजून ऐकू येतं, ‘आबांना कानाचं मशीन नको, उरलासुरला कानही आळशी होईल.’ हे खरं नाही. वयानुसार आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी झिजतात आणि पुन्हा उगवत नाहीत. मशीन लावा, न लावा, ही झीज चालूच राहते. आधी ‘स’, ‘फ’सारखे बारीक आवाज जातात, म्हणून ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार.

पहिल्याच दिवशी महाद्वार रोडच्या गर्दीत मशीन लावलं की सगळा गोंगाट अंगावर येतो, आणि ते कायमचं पेटीत जातं. सुरुवात शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलत, रोज १-२ तास करा. शिट्टी वाजत असेल तर बहुधा मशीनचा कानात बसणारा साचा नीट बसलेला नसतो किंवा कानात मळ असतो. झिंक-एअर बॅटरीचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबा. तिला हवा लागते. कानात तेल अजिबात नको.

मशीनमुळे बौद्धिक घसरण, म्हणजे स्मरण आणि विचार करण्याची क्षमता कमी होणं, मंदावते का, हे पाहणाऱ्या अमेरिकेतल्या ‘अचीव्ह’ चाचणीत (२०२३) ७० ते ८४ वयाचे ९७७ जण होते. सरसकट फरक दिसला नाही, हेही सांगायलाच हवं. पण बौद्धिक घसरणीचा धोका जास्त असलेल्या गटात मशीन लावणाऱ्यांची ही घसरण ३ वर्षांत ४८ टक्क्यांनी मंदावली.