पीसीओएस आणि फॅटी लिव्हर: क्लिनिकल ट्रायलमध्ये भाग घ्यायचा असेल तर पात्रता, कागदपत्रं आणि संमतीपत्र

पाळी लांबलेली, हनुवटीवर केस, वजन वाढतंय आणि पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर शेवटी एक ओळ: ग्रेड 1 फॅटी लिव्हर. पीसीओएसमध्ये, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांच्या या बिघाडात, बहुधा शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही. मग वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाकडून जास्तीची पुरुषी संप्रेरकं तयार करून घेतं आणि यकृतात चरबीही साठवतं. त्यामुळे या दोन्हींवर एकत्र संशोधन चालतं, आणि त्यासाठी रुग्ण हवे असतात. 2023पासून अशा फॅटी लिव्हरला एनएएफएलडीऐवजी (NAFLD) एमएएसएलडी (MASLD) म्हणतात, त्यामुळे ट्रायल शोधताना दोन्ही नावं टाकून पाहा.

एक गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी. ट्रायल म्हणजे उपचाराची रुग्णांवर घेतलेली चाचणी, मोफत उपचारांची योजना नव्हे. तिथे ‘गरज कोणाला जास्त’ हे बघत नाहीत, ‘कोणाच्या केसमध्ये गुंतागुंत कमी’ हे बघतात. नाकारलं गेलं म्हणजे आजार नाही असं नाही, आणि निवड झाली म्हणजे खरं औषध मिळेलच असंही नाही. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली सारखी दिसणारी गोळी, तुमच्या वाट्याला येऊ शकते.

ट्रायल शोधायची कुठे

आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे सीटीआरआय (CTRI) ही ट्रायलची ऑनलाइन नोंदवही, 2007पासून सगळ्यांसाठी खुली आहे. 1 एप्रिल 2018पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. शोधाच्या चौकटीत आजाराचं इंग्रजी नाव टाका आणि नोंद उघडल्यावर आधी भरतीची स्थिती बघा. बऱ्याच नोंदी ‘अजून सुरू नाही’ किंवा ‘बंद’ अशा असतात. मग केंद्रांची यादी बघा. नोंद दिल्लीची असली तरी मुंबई-पुण्यातलं एखादं हॉस्पिटल त्यात असू शकतं. त्यानंतर त्याच केंद्राच्या एथिक्स कमिटीपुढे (रुग्णांचे हक्क आणि सुरक्षितता बघणारी समिती) ‘मंजूर’ लिहिलंय का ते पाहा. नवीन औषध असेल तर औषध महानियंत्रकांच्या परवानगीचा रकानाही बघा. मेटफॉर्मिनसारख्या (मधुमेहाची जुनी गोळी) बाजारात असलेल्या औषधाच्या शैक्षणिक अभ्यासाला ती परवानगी लागेलच असं नाही, एथिक्स कमिटीची मात्र लागतेच.

सीटीआरआय क्रमांक म्हणजे सरकारने औषध सुरक्षित ठरवलं असा शिक्का नव्हे. ती फक्त नोंद आहे.

फोन करायचा तो त्या नोंदीत सामान्य चौकशीसाठी दिलेल्या व्यक्तीला. क्रमांक सांगून तीन प्रश्न विचारा: भरती चालू आहे का, बायोप्सी (सुईने यकृताचा छोटा तुकडा काढून तपासणं) आहे का, एकूण किती फेऱ्या आहेत. कोणी नावनोंदणीची फी किंवा डिपॉझिट मागितलं तर तिथेच फोन ठेवा. संशोधनापुरत्या तपासण्यांचा खर्च रुग्णाने करायचा नसतो.

आधी सही, मग सुई

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. ‘उद्या उपाशीपोटी या, रक्त घेऊन टाकू, फॉर्म नंतर भरू’ किंवा ‘आजपासून गर्भनिरोधक गोळ्या बंद करा’ असं फोनवर सांगितलं जातं. ट्रायलसाठी गोळी थांबवणं हाही ट्रायलचाच भाग, त्यामुळे माहितीपत्रक वाचून सही होईपर्यंत काहीही बंद करायचं नाही आणि रक्तही द्यायचं नाही. नेहमीच्या उपचारासाठी आधीच झालेला रिपोर्ट वापरला तर चालतो.

माहितीपत्रक मराठीतच मागा. ते घरी नेऊन डॉक्टरांना दाखवायला वेळ मागणं हा तुमचा हक्क आहे. संमतीपत्रात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव-नातं विचारतात. ‘उत्पन्न कशाला हवं?’ असं वाटून अनेक जणी रकाना रिकामा ठेवतात, पण क्लिनिकल ट्रायलसाठीच्या 2019च्या सरकारी नियमांतल्या नमुन्यातच तो रकाना आहे. नॉमिनीचं नाव तर सोडूच नका, कारण जिवाचं बरंवाईट झालं तर भरपाईसाठी तेच नाव बघतात. लिहिता-वाचता येत नसेल तर पूर्ण वेळ तटस्थ साक्षीदार हजर हवा, आणि तो संशोधकांच्या चमूतला चालत नाही. 18 वर्षांखालील मुलीसाठी पालकांची संमती लागते, आणि कळत्या वयाच्या मुलीचा स्वतःचा होकारही वेगळा घेतात. सही झालेली प्रत हातात पडल्याशिवाय उठू नका.

पात्रता: कुठे गाडी अडते

नेमके आकडे प्रत्येक ट्रायलचे वेगळे असतात, पण चाळणी साधारण सारखीच. पीसीओएस ठरवायला रॉटरडॅम निकष वापरतात: लांबलेली पाळी, वाढलेली पुरुषी संप्रेरकं आणि सोनोग्राफीतलं अंडाशयाचं चित्र, या तिन्हींपैकी दोन. त्याआधी रक्तातली थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि 17-ओएचपी ही संप्रेरकं तपासून तसेच दिसणारे दुसरे आजार बाजूला काढतात. हायपोथायरॉइड असला म्हणजे दार बंद असं नाही, पण टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला मुख्य आकडा) आटोक्यात आणि गोळीचा डोस काही महिने तोच हवा.

केस गळतात म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्या पीसीओएसच्या मुली पुष्कळ. बायोटिनमुळे काही लॅबमध्ये टीएसएच खोटा कमी आणि टी4 (थायरॉइडचं संप्रेरक) खोटा जास्त येतो, आणि धडधाकट थायरॉइड असलेली मुलगी चाळणीत बाद होते. गोळी सुरू असेल तर रक्त देण्याआधी तसं सांगा. ती किमान दोन दिवस बंद ठेवायला सांगतात, डोस मोठा असेल तर त्याहून जास्त.

यकृताच्या बाजूने पहिली पायरी फिब-4, म्हणजे यकृतातल्या व्रणांचा अंदाज देणारा आकडा. एएसटी आणि एएलटी हे यकृताच्या रक्ततपासणीतले आकडे. वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ. वय 38, एएसटी 52, एएलटी 68, प्लेटलेट 210 असेल तर 1976 भागिले साधारण 1732, म्हणजे 1.14. आकडा 1.3च्या खाली असला की यकृतात जास्त व्रण (यकृत कडक करणारे वण) असण्याची शक्यता कमी, 2.67च्या वर असला की जास्त. पण सूत्रात वय गुणायचं असल्याने 35च्या आत हा आकडा फसवतो, आणि पीसीओएसच्या बहुतेक रुग्ण याच वयाच्या. म्हणून या वयात फायब्रोस्कॅनवर, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीवर, जास्त भिस्त ठेवलेली बरी. त्यासाठी किमान तीन तास पोट रिकामं हवं. चहा-बिस्किट खाऊन गेलात तर यकृताकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि कडकपणा आहे त्याहून जास्त दिसतो.

दारूचा प्रश्न बायकांना विचारताना बरेच जण संकोचतात, पण तो विचारतातच. एमएएसएलडीसाठी स्त्रियांना दिवसाला सरासरी 20 ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा, पुरुषांना 30. 30 मिली व्हिस्कीत सुमारे 10 ग्रॅम, 650 मिलीच्या 8 टक्केवाल्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत 41. खरं ते सांगा.

हिपॅटायटिस बी किंवा सी, सिरॉसिस (व्रणांनी पार कडक झालेलं यकृत), गरोदरपण आणि स्तनपान या कारणांनी बहुधा बाद करतात. स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट, टॅमॉक्सिफेन चालू असेल किंवा गेल्या तीन महिन्यांत वजन 5 टक्क्यांहून जास्त हललं असेल तरी अडतं. वजन कमी करायची इंजेक्शनं नुकतीच सुरू केली असतील तरी तेच. काढे, गुळवेल, अश्वगंधा, जिमवाल्याने दिलेली पावडर यांना औषध मानायची आपल्याकडे पद्धत नाही, पण यातल्या काहींनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. सगळं सांगा, डबा सोबत न्या.

फाईलमध्ये काय हवं

वय आणि पत्त्याचा पुरावा, गेल्या वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि शक्य असेल तर फोटोही, चालू औषधांच्या प्रत्यक्ष स्ट्रिप. प्रवासखर्च परत मिळतो, त्यासाठी बँक पासबुकाची प्रत आणि तिकिटं. यापलीकडे दोन कागद बहुतेक जण विसरतात: गेल्या सहा ते बारा महिन्यांच्या पाळीच्या तारखा, आणि प्रत्येक गोळी सुरू किंवा बंद केल्याची तारीख. ‘मार्चमध्ये कधीतरी बंद केली’ यावर ट्रायलचं काम बघणारा कोऑर्डिनेटर पुढे जाऊ शकत नाही, कारण हॉर्मोनच्या तपासणीआधी गर्भनिरोधक गोळ्या साधारण तीन महिने बंद असाव्या लागतात. बायोप्सी आधी झाली असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही, काचपट्ट्या आणि तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉकही लागतो. तो ज्या लॅबमध्ये आहे तिथे लेखी अर्ज करून मिळवा.

इजा झाली तर

रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याइतकं काही घडलं तर संशोधकाने 24 तासांत औषध महानियंत्रक, प्रायोजक (ट्रायल करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि एथिक्स कमिटीला कळवायचं असतं. उपचार मोफत, ते संशोधकाच्या मते गरज असेपर्यंत किंवा इजा ट्रायलमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवर. त्यामुळे दुसऱ्या हॉस्पिटलात दाखल झालात तरी संशोधकाला लगेच फोन करा आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत जपा. ट्रायलमुळे मृत्यू झाल्यास भरपाई वय आणि आजाराची जोखीम धरून सूत्राने काढतात. सूत्रातली मूळ रक्कम 8 लाख रुपये आहे. मुळातच मृत्यूचा धोका फार मोठा असलेल्या रुग्णांसाठी वेगळी, कमी रक्कम आहे. तक्रार ऐकली जात नसेल तर संमतीपत्रावर एथिक्स कमिटीच्या सदस्य-सचिवांचा फोन असतो, तो लावा.

मधूनच बाहेर पडायला कारण द्यावं लागत नाही, आणि त्यावरून नेहमीचे उपचार कोणी थांबवू शकत नाही. शेवटची सुरक्षा तपासणी तेवढी करून घ्या. निघताना आपल्या रिपोर्टच्या प्रती मागा, आणि आणून दिलेला बायोप्सीचा ब्लॉक सही घेऊन परत घ्या. पुढच्या डॉक्टरांना तोच लागतो.