नेटबुक व नोटबुक : सीमारेषा

लहान पडद्याचा, कमी किमतीचा व मुख्यतः इंटरनेटच्या वापरासाठी विकला गेलेला लॅपटॉप म्हणजे नेटबुक आणि सर्व कामांसाठीचा पूर्ण क्षमतेचा लॅपटॉप म्हणजे नोटबुक, असा भेद साधारणतः २००७ ते २०१२ या काळात केला जाई. (मराठीत ‘नोटबुक’ म्हणजे वही हा अर्थ आधीच रुळलेला असल्याने व्यवहारात दोहोंना लॅपटॉपच म्हटले जाते.) हा भेद तांत्रिक समजला गेला, तरी तो बराचसा विंडोजच्या परवान्यांच्या अटींनी आखलेला होता.

नेटबुक या नावाच्या व वस्तूच्या उगमाविषयी मतभेद आहेत. ब्रिटनमधील सायन कंपनीने १९९९ मध्ये याच नावाचा छोटा संगणक विक्रीस आणला होता व अमेरिकेत ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदवलेही होते. संगणकाचे प्रक्रियक (प्रोसेसर) बनवणाऱ्या इंटेलने २००८ च्या सुमारास हे नाव सबंध वर्गासाठी वापरात आणल्यावर वाद उद्‌भवला आणि २००९ मध्ये तडजोड होऊन सायनने नोंदणीवरील हक्क सोडला. तथापि सायनचे यंत्र इंटेलच्या प्रक्रियकांहून वेगळ्या घडणीच्या एआरएम प्रक्रियकावर व स्वतंत्र कार्यप्रणालीवर (ऑपरेटिंग सिस्टिम) चालत असल्याने नाव तिचे असले, तरी वस्तू तिची म्हणता येत नाही. दुसरे मत अमेरिकी संगणकतज्ज्ञ निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये मांडलेल्या शंभर डॉलरच्या लॅपटॉपकडे बोट दाखवते. त्या योजनेचा भारतातील पहिला प्रायोगिक प्रकल्प २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात येथील शाळेत राबवला गेला. स्वस्त लॅपटॉपची कल्पना या योजनेने रुजवली खरी, पण तिचे यंत्र मुख्यतः शाळांसाठी होते. म्हणून ऑक्टोबर २००७ मध्ये आलेल्या आसुसच्या ‘ईईई पीसी ७०१’ पासून (७ इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, लिनक्स ही कार्यप्रणाली) या वर्गाचा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

इंटेलचा ॲटम हा स्वस्त व कमी वीज घेणारा प्रक्रियक २००८ मध्ये आला. त्याच वर्षी विंडोज एक्सपी या कार्यप्रणालीची सर्वसाधारण विक्री थांबली. मात्र पडदा, रॅम व साठवण यांवर मर्यादा पाळणाऱ्या स्वस्त यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने ती सवलतीत चालू ठेवली. पुढे ‘विंडोज ७ स्टार्टर’साठीही १०.२ इंची पडदा व १ जीबी रॅम अशा कमाल मर्यादा होत्या. या आवृत्तीत पडद्यावरील पार्श्वचित्रसुद्धा बदलता येत नसे. परिणामी निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे जवळजवळ एकसारखी निघाली, आणि त्यांत रॅमची मोठी पट्टी बसवून घेणारा ग्राहक ही मर्यादा सहज ओलांडत असे.

सीमारेषा दोन्ही बाजूंनी पुसट झाली. डेलने २००८ मध्येच १२.१ इंची पडद्याच्या यंत्रात ॲटम बसवला. आसुसच्या ‘१२०१एन’मध्ये दोन गाभ्यांचा (कोअर) ॲटम व एनव्हिडियाचा चित्रप्रक्रियक (ग्राफिक्स चिप) जोडलेला होता. उलट बाजूने, २००९ पासून इंटेलच्या कमी वीज घेणाऱ्या प्रक्रियकांमुळे नोटबुके सडपातळ व स्वस्त झाली. पडद्याच्या मापापेक्षा प्रक्रियकावरून वर्ग ठरवणे अधिक काटेकोर होते, पण २०१३ पासून ॲटमच्याच घडणीचे गाभे सेलेरॉन व पेंटियम या नोटबुकांतील प्रक्रियकांच्या नावांनी विकले जाऊ लागल्यावर तीही कसोटी लंगडी पडली. टॅब्लेटच्या स्पर्धेत नेटबुकांचे उत्पादन २०१२ च्या अखेरीस जवळजवळ थांबले. त्यांच्या प्रक्रियकांचे वंशज मात्र आज १५.६ इंची स्वस्त लॅपटॉपमध्येही आढळतात.